मोड आणि घडणावळ : गोल्फच्या काठीचा भाव का उतरतो?



सारसोळ्यात उभं राहून गोल्फवर बोलायचं ठरलं तेव्हा आम्हाला पहिला प्रश्न आला तो असा, की इथं गोल्फ खेळतंय कोण? प्रश्न रास्त आहे. आपल्या भागात गोल्फ म्हटलं की आधी खेळ आठवत नाही, पाणथळ आठवते. एनआरआय वसाहतीमागे, टी. एस. चाणक्यलगतच्या पाणथळ जागेवर गोल्फ कोर्स आणि घरं करायचा बेत होता. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. फ्लेमिंगोंच्या निमित्ताने ती चर्चा आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. आज तिच्यात शिरायचं नाही. आज मैदान बाजूला ठेवू आणि खेळाच्या काठीबद्दल बोलू. तिच्याबद्दलही एकच गोष्ट : ती दुकानातून घरी आली, की तिचा भाव इतक्या झपाट्याने का उतरतो?

विषय सुचला तो एका घरातून. आमच्या ओळखीतलं एक कुटुंब नेरुळला राहतं. मुलीला खेळाची आवड लागली, खारघरला सिडकोचा गोल्फ कोर्स आहे, तिथं जाऊन-येऊन शिकणं सुरू झालं. वडिलांनी हौसेने नवाकोरा सेट घेतला. दोन वर्षांत मुलीची उंची वाढली, बारावी आली, खेळ मागे पडला. सेट विकायला काढला, तर घेतलेल्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शालाही कोणी हात लावेना. त्याच सुमाराला कॉलेजच्या फीसाठी त्यांनी घरातली एक जुनी बांगडी मोडली होती. सोनाराने थोडी घट धरली आणि बाकीचे पैसे हातावर ठेवले. ते आम्हाला म्हणाले, "बांगडी तीस वर्षं वापरली, झिजली, तरी पैसे आले. सेटवर एक ओरखडा नाही, आणि त्याला भाव नाही. हा कुठला न्याय?"

या प्रश्नाचं उत्तर देता देता पाचशे वर्षांचा इतिहास उलगडतो. तोच आज थोडक्यात बघू.

कासाराचा हिशेब

आधी आपल्या घरातले दोन शब्द घेऊ. एक मोड आणि दुसरा घडणावळ.

पूर्वी हंडा घ्यायला कासाराकडे गेलं, की किमतीचे दोन भाग असायचे. तांब्या-पितळेच्या वजनाचे पैसे, आणि ते ठोकून हंडा करण्याची मजुरी. ही मजुरी म्हणजे घडणावळ. वीस वर्षांनी तोच हंडा परत नेला, की कासार तो तराजूत टाकायचा. वजनाचे पैसे मिळायचे, मजुरीचे मिळायचे नाहीत. ही झाली मोड. सोन्याचंही तेच. घडणावळ बुडते, थोडी घट जाते, सोनं राहतं. आपण 'मोडीत काढणं' म्हणतो ते यातूनच आलं.

हा हिशेब घरातल्या बायकांना चांगला ठाऊक होता. म्हणून दागिना घेताना नक्षी कमी आणि वजन जास्त, असा त्यांचा आग्रह असायचा. कोळीवाड्यात तर ही चैनीची गोष्ट नव्हतीच. पावसाळ्यात होडी वर ओढली, मासेमारी थांबली, की गळ्यातल्या सोन्यावर दोन-तीन महिने निघायचे. वाईट वेळेला उभी राहते ती मोड. घडणावळ वाईट वेळेला पाठ फिरवते.

आता होडीकडे बघा. होडी सोन्यासारखी नाही. लाकूड कुजतं, फळ्या बदलाव्या लागतात, दरवर्षी तेल-डांबर करावं लागतं. तिचा भाव उतरतो तो झिजेने. पाच वर्षं चालवलेल्या होडीला किती भाव द्यायचा, हे बंदरावरचा माणूस फळीवर बोटं वाजवून सांगतो.

तिसरा प्रकार जाळ्याचा. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या किनाऱ्यावर नायलॉन आलं. त्याआधी जाळी सुताची आणि सणाची. ती वाळवावी लागत, कुजू नयेत म्हणून सालीच्या रंगात उकळावी लागत. नायलॉन कुजत नाही आणि पाण्यात जड होत नाही. ते आल्यावर सुताच्या जाळ्याचं काय झालं? ते फाटलेलं नव्हतं. कालपर्यंत मासा धरत होतं, आजही धरलं असतं. पण त्याला गिऱ्हाईक उरलं नाही. वस्तू झिजली नाही, वस्तूच्या आजूबाजूचं जग पुढे गेलं.

म्हणजे विकताना भाव उतरण्याची तीन कारणं झाली : घडणावळ बुडते, वस्तू झिजते, किंवा नवं आल्यामुळे जुनं पडतं. गोल्फच्या काठीला ही तिन्ही लागू आहेत. पण तिसरं कारण असं लागू आहे, की बाकीची दोन झाकून जातात. ते कधीपासून आणि कसं लागू झालं, हे बघू.

एक छोटी सूचना. या काठीला इंग्रजीत क्लब म्हणतात आणि जिथं खेळतात त्या संस्थेलाही क्लबच म्हणतात. घोटाळा नको म्हणून आपण स्टिक म्हणू.

धनुष्य करणाऱ्याकडून घेतलेल्या काठ्या

स्टिक विकत घेतल्याची सर्वांत जुनी नोंद १५०२ सालची आहे. स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स याच्या खजिन्याच्या हिशेबात पर्थ गावच्या एका कारागिराला काठ्यांपोटी १४ शिलिंग दिल्याचं लिहिलं आहे. तो कारागीर होता धनुष्य करणारा. लवचीक लाकूड ओळखणारा माणूस तोच, म्हणून राजाने त्याच्याकडून काठ्या करून घेतल्या.

या स्टिकमध्ये मोड किती होती? जवळजवळ शून्य. लाकडाचा दांडा, लाकडाचं डोकं, दोन्ही सुताने आवळून बांधलेली. वितळवून काही हाती लागत नाही. किंमत सगळी घडणावळीची. तरीही तीनएकशे वर्षं या स्टिकचा भाव आजच्यासारखा कोसळत नव्हता. कारण सरळ आहे. बापाची स्टिक आणि मुलाची स्टिक यात फरक नव्हता. दांडा मोडला तर नवा बसवायचा, डोकं फुटलं तर नवं जोडायचं. कारागीर गावातच असायचा. आपल्याकडे कुऱ्हाडीचा दांडा बदलून पाती तीच ठेवतात, तसं.

इंग्लंडमधल्या हल गावात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका घरातलं बंद कपाट उघडलं, तेव्हा त्यात जुन्या स्टिक सापडल्या, आणि सोबत १७४१ चं वर्तमानपत्र. आज त्या ट्रून इथल्या संग्रहातल्या मानाच्या वस्तू आहेत. त्या कपाटात ठेवल्या त्याच्या शंभर वर्षांनीही, म्हणजे १८४१ साली कोणी त्या बाहेर काढल्या असत्या, तर थोडीफार डागडुजी करून खेळता आलं असतं. पण आणखी दहा-वीस वर्षं गेली असती, तर ते अवघड होतं. का? कारण मधल्या काळात चेंडू बदलला.

तोवर चेंडू होता पिसांचा. चामड्याची छोटी पिशवी शिवायची, तिच्यात भिजवलेली पिसं ठासून भरायची आणि वाळवायची. चांगल्या कारागिराचे दिवसाला मोजकेच चेंडू व्हायचे. चेंडू महाग, आणि पावसात भिजला की संपला. मग १८४८ च्या सुमाराला गटापर्चाचा चेंडू आला. गटापर्चा म्हणजे मलायाकडच्या झाडांचा रबरासारखा चीक. याची एक गोष्ट सांगतात. सेंट अँड्र्यूजच्या एका कुटुंबाकडे पूर्वेकडून विष्णूची मूर्ती आली, तिच्या खोक्यात फुटू नये म्हणून गटापर्चा भरला होता, आणि त्या घरातल्या रॉबर्ट पॅटरसनने त्याचा चेंडू वळून बघितला. दंतकथा असेल, पण गोल्फच्या इतिहासात विष्णूला जागा मिळाली ती अशी!

गटापर्चाचा चेंडू स्वस्त होता, टिकाऊ होता आणि दगडासारखा कठीण होता. लांबट, नाजूक लाकडी डोक्यांवर तो आपटू लागला आणि डोकी फुटू लागली. मग डोकी आखूड आणि जाड झाली. लोखंडी डोक्याच्या स्टिक पूर्वी फक्त अडचणीच्या जागी वापरत, कारण पिसांचा चेंडू त्यांनी फाटायचा. आता त्या सर्रास वापरात आल्या. चेंडू बदलला आणि काठी मोडीत निघाली. सेंट अँड्र्यूजचा नामांकित चेंडूकार अॅलन रॉबर्टसन आणि त्याच्याकडे काम केलेला टॉम मॉरिस यांची फारकत झाली ती या नव्या चेंडूवरूनच. रॉबर्टसनचं पोट पिसांवर होतं, त्याला हे संकट वाटणारच.

नेमक्या याच काळात हा खेळ आपल्या दारात आला होता. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, मुंबईचा १८४२ चा. ब्रिटिश बेटांच्या बाहेरचे हे जगातले सर्वांत जुने क्लब. म्हणजे आपल्याकडे गोल्फ आला तो पिसांच्या चेंडूसह, आणि स्टिक यायच्या जहाजाने. पुढे चेंबूरचं मैदान १९२७ मध्ये झालं. नाशिकचं हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आजही जुन्या लोकांच्या तोंडी 'गोल्फ क्लब'च आहे. साहेब गेला, खेळ गेला, नाव राहिलं.

पोलाद आलं

दुसरा मोठा धक्का दांड्याचा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतलं हिकरीचं लाकूड दांड्यासाठी सर्वोत्तम ठरलं होतं. पण दोन हिकरी दांडे कधी सारखे नसतात. एक जास्त वाकतो, एक कमी. खेळाडू शंभर दांडे हाताळून त्यातला आपला शोधायचा, आणि मिळाला की जपायचा. त्यामुळे चांगली जुळलेली जुनी स्टिक नव्यापेक्षा मोलाची असायची. आज ऐकायला नवल वाटेल.

अमेरिकेच्या संघटनेने १९२४ मध्ये पोलादी दांड्याला मान्यता दिली. ब्रिटनमधल्या आर अँड ए या नियामक संस्थेने दिली १९२९ मध्ये, तीही प्रिन्स ऑफ वेल्स सेंट अँड्र्यूजला पोलादी दांडे घेऊन खेळल्यावर. राजपुत्राला बाद कसं ठरवणार? १९३१ मध्ये बिली बर्कने पोलादी दांड्यांनी यूएस ओपन जिंकली आणि हिकरीचा काळ संपत आला.

पोलादाने दोन गोष्टी केल्या. पहिली, हिकरीच्या स्टिक बाजारातून उठल्या. हे सुताच्या जाळ्यासारखंच झालं. दुसरी गोष्ट जास्त खोल गेली. पोलादी नळी कारखान्यात एकसारखी निघते. मग मॅशी, निब्लिक, ब्रॅसी अशी जी जुनी नावं होती त्यांच्या जागी आकडे आले : तीन नंबर, चार नंबर, पाच नंबर. सुट्या स्टिकच्या जागी जुळणीचा संच आला. गडी किती स्टिक बाळगतोय याला धरबंध राहिला नाही, तेव्हा अमेरिकेने १९३८ मध्ये आणि ब्रिटनने १९३९ मध्ये १४ ची मर्यादा घातली.

संच आला, की आपल्याकडच्या पेल्या-वाट्यांचा न्याय लागू होतो. सहाच्या संचातली एक वाटी हरवली, तर उरलेल्या पाच वाट्यांना पाच वाट्यांचा भाव येत नाही. सेटमधली सात नंबरची स्टिक हरवली असेल, तर बाकीच्या सगळ्या स्टिक चांगल्या असूनही सेटचा भाव पडतो.

दरवर्षीचं नवं

इथपर्यंतचे बदल पन्नास-साठ वर्षांतून एकदा येत होते. एक पिढी एकदाच नुकसान सोसायची. हे चक्र जोरात फिरायला लागलं ते १९७९ नंतर.

लांब मारायच्या स्टिकला ड्रायव्हर म्हणतात. तिचं डोकं तोवर पर्सिमन नावाच्या लाकडाचं असायचं. १९७९ मध्ये गॅरी अॅडम्स या माणसाने टेलरमेड कंपनी काढली आणि पोलादाचं पोकळ डोकं विकायला सुरुवात केली. लोक हसले. 'पिट्सबर्ग पर्सिमन' म्हणाले, कारण पिट्सबर्ग म्हणजे पोलादाचं गाव. दहा-पंधरा वर्षांत लाकडी डोकी दिवाणखान्यात शोभेला गेली. १९९१ मध्ये कॅलवेने 'बिग बर्था' आणला, पहिल्या महायुद्धातल्या जर्मन तोफेचं नाव देऊन. त्याचं डोकं सुमारे १९० घनसेंटिमीटरचं होतं आणि ते तेव्हा अवाढव्य वाटलं. १९९५ मध्ये टायटॅनियमचा 'ग्रेट बिग बर्था' आला, आणखी मोठा. डोकं मोठं, पत्रा पातळ, चेंडू लांब. इथवर नवं मॉडेल जुन्यापेक्षा खरोखर सरस होतं, हे कबूल केलं पाहिजे. जुन्याचा भाव उतरला त्याला कारण होतं.

मग नियम करणाऱ्यांनी लगाम ओढला. डोक्याच्या पत्र्याने चेंडू किती जोरात उसळावा याला मर्यादा घातली, आणि डोक्याचा आकार ४६० घनसेंटिमीटरवर थांबवला. २००४ च्या सुमाराला ही चौकट पक्की झाली. त्यानंतर काय व्हायला हवं होतं? नव्या-जुन्यातला फरक कमी झाला, तर जुन्याला भाव जास्त टिकायला हवा. झालं उलटं. नवी मॉडेलं थांबली नाहीत, उलट वाढली. २०१३ मध्ये टेलरमेडने वर्षाच्या सुरुवातीला एक ड्रायव्हर बाजारात आणला आणि त्याच वर्षी ऑगस्टच्या आसपास दुसरा. आधीचा माल दुकानांच्या मांडणीवर पडून होता, तो किंमत पाडून विकावा लागला. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या 'डिक्स' या मोठ्या दुकानसाखळीने गोल्फ विभागातल्या ४०० हून अधिक जाणकार विक्रेत्यांना घरी पाठवलं. २०१६ मध्ये नायकेने गोल्फच्या स्टिक करणंच बंद केलं. अदिदासने टेलरमेड २०१७ मध्ये विकून टाकली. भाव पाडायचा खेळ कंपन्यांच्याच अंगाशी आला.

आता नेरुळच्या वडिलांच्या प्रश्नाकडे वळता येतं. जुन्या स्टिकचा भाव ठरतो तो तिच्याकडे बघून नाही, दुकानातल्या नव्याकडे बघून. नवं मॉडेल आलं, की दुकानदार आधीच्या मॉडेलचा न वापरलेला माल सवलतीत काढतो. मग तुमच्या वापरलेल्याला त्याहून खाली जावंच लागतं. साधारण ठोकताळा असा, की ड्रायव्हर सगळ्यांत वेगाने पडतो. पुढची एक-दोन मॉडेलं आली, की तो निम्म्याच्या आसपास किंवा खाली असतो. लोखंडी स्टिक, म्हणजे आयर्न, त्यापेक्षा सावकाश उतरतात, कारण त्यांची मॉडेलं तितक्या लवकर बदलत नाहीत. वेज नावाची जी आखूड स्टिक असते तिच्या तोंडावरच्या खाचा वाळूत आणि मातीत झिजतात, म्हणून तिथं होडीचा न्याय. आणि छिद्रापाशी हळूच चेंडू ढकलायचा पटर सगळ्यांत जास्त भाव धरून राहतो, कारण त्यात सुधारायला फारसं काही उरलेलंच नाही.

याशिवाय बारीकसारीक गोष्टी आहेत. डावखुऱ्यांच्या स्टिकला गिऱ्हाईक कमी. अंगाच्या मापाने कापून घेतलेला दांडा दुसऱ्याला बसत नाही. ते शिवलेल्या ब्लाउजसारखं आहे, कापड कितीही भारी असो. डोक्यावरचं मूळ कव्हर हरवलं की भाव तुटतो. आणि नकली माल इतका फिरतो, की पावती नसलेली स्टिक घेणारा घाबरूनच भाव लावतो.

जिथं उलटं झालं

इतिहास सांगताना अपवादही सांगावे लागतात, कारण नियमाची परीक्षा तिथंच होते. आम्हाला तीन आठवतात.

पहिला २०१० चा. त्या वर्षी वेजच्या खाचांबद्दल नवा नियम लागू झाला आणि धारदार चौकोनी खाचा व्यावसायिक स्पर्धांतून बाद झाल्या. पण 'पिंग आय टू' नावाच्या जुन्या वेजना सूट होती. एका जुन्या कोर्टकज्ज्याच्या तडजोडीमुळे १ एप्रिल १९९० पूर्वी केलेल्या वेज चालत होत्या. फिल मिकल्सनसारख्या खेळाडूने ती वीस वर्षांची वेज बाहेर काढली आणि अडगळीतल्या वेजना एकदम मागणी आली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सूट संपली आणि मागणीही ओसरली. स्टिक तीच होती. भाव वर नेला नियमाने, आणि खाली आणला तोही नियमाने.

दुसरा अपवाद लिलावाचा. २००७ मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात अठराव्या शतकातला एक लाकडी पटर १ लाख ८१ हजार डॉलरला गेला. त्यावर ए. डी. असा ठसा होता, अँड्र्यू डिक्सन या कारागिराचा मानतात. याच नावाचा एक पोरगा १६८१-८२ च्या सुमाराला लीथ इथं ड्यूक ऑफ यॉर्कच्या काठ्या वाहत होता, असं सांगतात. म्हणजे इतिहासात नावानिशी ठाऊक असलेला पहिला कॅडी. वस्तू मोडीत निघाली, मग दुर्मीळ झाली आणि शेवटी नुसत्या घडणावळीला भाव आला. पण त्यासाठी दोनशे-अडीचशे वर्षं थांबावं लागतं, आणि तो भाव घेणाऱ्या घराला मिळत नाही.

तिसरा अपवाद आपला स्वतःचा. २००१ पर्यंत आपल्या देशात परदेशी चैनीच्या आणि खेळाच्या वस्तू आणण्यावर कडक बंधनं होती. शेवटच्या ७१५ वस्तूंवरची परिमाण-बंदी उठली ती १ एप्रिल २००१ रोजी. तोवर परदेशी कॅमेरा, टेप, घड्याळ यांचं जे होतं तेच परदेशी स्टिकचं होतं. नवं सहज मिळत नसेल, तर जुन्याला भाव राहतोच. दरवाजा उघडला, नवं दिसायला लागलं, आणि जुन्याचा भाव उतरला. वस्तूचा भाव बाजारात काय येतंय यावर किती अवलंबून असतो, याचा याहून चांगला पुरावा नाही.

खाडीपलीकडे

आता जरा जेट्टीवर चला. पाम बीच रस्ता ओलांडून सारसोळे जेट्टीवर उभं राहिलं, की समोर खाडी आणि पलीकडे ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो. त्या डोंगरामागे चेंबूर. मघाशी सांगितलेलं १९२७ चं मैदान तिथं आहे. त्याच्या आजूबाजूच्या वस्त्यांतली मुलं पिढ्यान्‌पिढ्या कॅडीचं काम करत आली. खेळणाऱ्याची जड पिशवी खांद्यावर घ्यायची, कुठली स्टिक द्यायची ते सांगायचं. खेळ बघून बघून कळला, पण खेळायला स्टिक कुठली?

त्यांनी वाट काढली. बांधकामावरची सळई घ्यायची, तोंडाशी वाकवायची आणि ठोकायची, मुठीला रबरी नळी चढवायची. चेंडू प्लॅस्टिकचा, मैदान म्हणजे गल्ली. मुंबईत याला 'स्लम गोल्फ' म्हणतात, त्यावर हिंदी वेबमालिकाही निघाली आहे.

मंडळी, या सळईच्या स्टिककडे आपल्या कासाराच्या नजरेने बघा. हिला घडणावळ नाही, नाव नाही, वर्षाचं मॉडेल नाही. जी आहे ती सगळी मोड. भंगारवाल्याने आज घेतली काय आणि दहा वर्षांनी घेतली काय, वजनाचा भाव मिळेल. जगातली ही एकच गोल्फ स्टिक असेल जी पुनर्विक्रीत पडत नाही!

पण हिने खेळून कोणी स्पर्धेत उतरू शकत नाही. त्यासाठी खरी स्टिक लागते, आणि ती या मुलांना परवडते ती भाव पडल्यामुळेच. सभासद नवा सेट घेतो, जुना कॅडीला देतो किंवा थोडक्यात विकतो. वरच्याचं नुकसान ही खालच्याची पायरी होते. दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या अली शेरने १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली. ती जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू. त्याआधी १९६५ मध्ये पी. जी. सेठी यांनी हौशी खेळाडू म्हणून जिंकली होती. शिव शंकर प्रसाद चौरसियाचे वडील कलकत्त्याच्या क्लबात हिरवळीची निगा राखत. चौरसिया तिथंच वाढला, आणि २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन वर्षं त्याने इंडियन ओपन घेतली. मैदानाच्या कडेला वाढलेली अशी मुलं नव्या सेटची वाट बघत बसली असती, तर खेळात आलीच नसती.

म्हणून स्टिकचा भाव पडतो यात सगळं वाईटच आहे, असं आम्ही म्हणणार नाही. कोणाच्या बाजूने उभं राहून बघतो त्यावर ते आहे.

घडणावळ कोणाला मिळते

एक शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या गावाचा आहे.

सिडको १७ मार्च १९७० रोजी स्थापन झाली. ठाणे-बेलापूर, पनवेल आणि उरण या पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. त्यात आपलं सारसोळेही आलं. आजच्या आपल्या भाषेत सांगायचं तर आपली शेतं, खाजण, मिठागरं मोडीच्या भावाने मोजली गेली. मग त्यावर रस्ते, स्टेशनं, सेक्टर झाले, म्हणजे घडणावळ झाली, आणि भूखंड विकले गेले ते घडणावळीसकट. जमीन ही अशी एकच वस्तू, जिची घडणावळ बुडत नाही, उलट वाढत जाते. ती कोणाला मिळावी, हाच दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या लढ्याचा प्रश्न होता. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरातल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना मिळाली. ते साडेबारा टक्के म्हणजे घडणावळीतला वाटा.

हे इथं का सांगितलं? कारण त्या भूखंडाचे पैसे ज्या घरांत आले, त्यांतल्या कित्येकांनी ते अशा वस्तूंत घातले ज्यांना मोड नाही. गाडी, फर्निचर, महागडे फोन. स्टिक हे त्याचं टोकाचं उदाहरण, म्हणून आपण ते घेतलं. घ्यायचं तर जरूर घ्या. हौस ही काही गुन्हा नाही. पण घेताना दोन आकडे डोक्यात असू द्या : यात मोड किती, घडणावळ किती. घडणावळीचे पैसे हे वापराचे पैसे आहेत, साठवणीचे नाहीत. ते खेळून वसूल करायचे असतात, विकून नाही.

आणि मुलांसाठी घ्यायचं असेल, तर सोनं मोडून नवा सेट घेऊ नका. ४६० च्या मर्यादेनंतरचा तीन-चार वर्षं जुना ड्रायव्हर शिकणाऱ्याच्या हातात नव्याइतकंच काम करतो. पहिल्या मालकाने घडणावळ भरून टाकलेली असते. पावती बघा, खाचा बघा, दांड्याचं माप बघा आणि घ्या. मुलाची उंची वाढली की तसाच पुढच्याला द्या. त्यात फारसं बुडणार नाही, कारण बुडायचं ते आधीच बुडून गेलेलं असतं.

नेरुळच्या त्या वडिलांना आम्ही हेच सांगितलं. त्यांना ते फारसं आवडलं नाही. कोणालाच आवडत नाही. महिनाभराने त्यांनी सेट मिळेल त्या भावाला दिला. घेणाऱ्या घरातली मुलगी सातवीत आहे, आणि स्टिकची लांबी तिला अजून दोन वर्षं तरी पुरेल. आपण फसलो असं त्यांना आता वाटत नाही. दोन वर्षं पोरगी खेळली त्याचे ते पैसे होते, एवढं त्यांनी मान्य केलं आहे. बांगडीचं मात्र अजून वाईट वाटतं, असं म्हणाले.

आता प्रश्न घेऊ.